सात फूट दोन इंच

महापालिकेचा माणूस आला तांबड्या रंगाची डबी घेऊन
आणि आमच्या अंगणातून रेघ ओढून गेला.
पारिजातकाच्या बुंध्यावरून, नळावरून,
धुण्याच्या दगडाचे तर तिने सरळ दोन भाग केले.
"रेघेपलीकडचं आमचं," तो म्हणाला,
आणि प्यायला पाणी मागितलं.
दिलं.

जेसीबीला अर्धा तास पुरला.
मग महिनाभर घर उभं होतं
समोरचे दात काढून आलेल्या माणसासारखं,
कुणी हाक मारली की तोंडावर हात धरणारं.
सुदामानगरच्या आमच्या अख्ख्या ओळीची तीच गत.
पहाडियांनी दुसऱ्याच आठवड्यात स्टीलचं रेलिंग ठोकलं,
टाइल्स लावल्या, आणि सुटले.

यांनी टेप काढला.
पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढलेला हात.
"सात फूट दोन इंच उरलंय," असं म्हणाले
जणू कुणी बक्षीस दिलंय.
जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर,
कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याचं घर, दोन लिंबं.
आठवडाभर आम्ही पोळ्या ओट्यापाशी उभ्यानं खाल्ल्या.

नकाशात दाराच्या दोन अंगांना दोन सारखी झाडं,
दोन सारख्या कुंड्या, मधून सरळ वाट.
मी म्हटलं, हे घर आहे की तहसील?
मला मधुमालती हवी, फाटकावर चढणारी,
कुणाचं न ऐकणारी.
"वेल दर्शनी भाग झाकते."
झाकू दे की. आपल्या दर्शनी भागात असं आहे काय?

दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी त्यांनी वाट जराशी वळवली
पेन्सिलीनं, पुसता येईल इतपत फिकट.
आणि फाटकाबाहेर एक माणूस काढला.
मोजमापासाठी काढतात, बिनचेहऱ्याचा, साडेपाच फुटांचा.
हा पाच फुटांचा होता,
दोन्ही हात कंबरेवर.
मी काही बोलले नाही. चहा केला.

भेरूलाल राऊहून सायकलवर आला.
चिमूटभर उचलून हुंगली, म्हणाला,
"बई, या माटी नी, मलबो हे."
खरंच होतं. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं,
आणि आपल्याच नळाची पितळी तोटी.
मग काळी माती आली ट्रॉलीभर, शेणखताची चार पोती.
नर्मदा एक दिवसाआड येते,
म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी अबोलीला,
भाजीचं कोरांटीला,
आणि यांच्या दोन सारख्या झाडांना
हे स्वतः मगाने मोजून.
धुण्याच्या दगडाचा आमच्याकडे राहिलेला अर्धा
फाटकाशी पायरी झाला.
त्याला साबणाचा गुळगुळीतपणा अजून आहे,
पाहुणे घसरतात.

डावं झाड मेलं.
उजवं वाढतंय. त्यावर आम्ही बोलत नाही.
मधुमालतीनं चार महिने नुसतं ऐकून घेतलं
आणि भाद्रपदात एका आठवड्यात फाटक, खांब, दिव्याची वायर.
एक मुलगी फोन घ्यायला स्कूटर तिच्याखाली थांबवते,
कधी कधी रडते, नाक पुसून जाते.
एकदा कुणीतरी गाडीतून विचारलं,
"भिया, ये नर्सरी है क्या?"
हे "नहीं" म्हणाले,
आणि सदाफुलीची दोन रोपं वर्तमानपत्रात बांधून दिली.

परवा संध्याकाळी म्हणाले, जरा समोरून बघ तरी.
अंगण होतं तेव्हा मी घर समोरून पाहिलंच नव्हतं,
त्याच्या आतच तर असायची.
मागे मागे सरत गेले.
वाट थोडी वाकडी, गेरूचा पट्टा, दिवा लागलेला,
वेलीतून आमच्या घराचा नंबर अर्धाच दिसणारा.
पायाखाली डांबर गरम होतं.
मग लक्षात आलं, इथे पारिजातक होता,
इथेच, सकाळी वाकून फुलं वेचायची ती जागा.
मागून रिक्षावाला ओरडला,
"आंटीजी, घर देखना है तो साइड से देखो!"

झाले बाजूला.
कंबरेवरचे हात तेवढे
खाली घेतले नाहीत.